दोन मिलिमीटरचा पुरावा

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



निमंत्रणपत्रिकेत विषय छापून आला तेव्हापासून मला एकच प्रश्न विचारला जातो आहे : पाण्यातला एक किडा ओळखायचा, त्यासाठी अख्खं व्याख्यान कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचंच उत्तर द्यायला मी उभी आहे. दोन मिलिमीटर लांबीच्या भुंगेऱ्याला बरोबर नाव देण्यामागे किती माणसांचे कष्ट असतात, आणि ते नाव बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या कुणाला तपासता यावं म्हणून मागे काय ठेवावं लागतं, एवढंच मला सांगायचं आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, त्या सरांच्या वर्गात कुणी प्राण्याचं नाव सांगितलं की सर लगेच विचारत, ‘कशावरून?’ आजचं सगळं बोलणं त्या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आधी प्राण्याची ओळख करून देते. शिकारी पाणभुंगेऱ्यांचं कुल म्हणजे डायटिसिडी. जगभरात त्याच्या साडेचार हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातल्या मोठ्या, म्हणजे सिबिस्टर प्रजातीतल्या, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. पावसाळ्यात रात्री दिव्यावर येऊन धाडकन फरशीवर आपटणारा काळा-हिरवट, पिवळ्या काठाचा भुंगेरा बहुधा तोच असतो. पण या कुलातल्या पुष्कळ जाती मोहरीच्या दाण्याएवढ्या आहेत आणि त्यांच्याकडे आपलं लक्षच जात नाही. कोकणातल्या सड्यांवर पावसाने भरलेले कातळातले खळगे, भातखाचरं, चिखलात उमटलेल्या गुरांच्या खुरांत साचलेलं पाणी, ओढ्याकाठच्या वाळूतली वीतभर डबकी ही त्यांची घरं. त्यांच्या अळ्यांचे जबडे आतून पोकळ असतात. भक्ष्याला चावा घेतला की त्या जबड्यांतून पाचकरस आत सोडतात आणि विरघळलेलं मांस शोषून घेतात. डासांच्या अळ्या हे त्यांच्या नेहमीच्या खाण्यातलं. प्रौढ भुंगेरा पाठीवरच्या कठीण पंखांखाली हवेचा साठा घेऊन बुडी मारतो आणि हवा संपत आली की शेपटाकडचं टोक पाण्याबाहेर काढून नवी भरून घेतो.

ही हवा भरण्याची रीतच ओळखीची पहिली पायरी आहे. जाळीतून आलेला गाळ पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये ओतला की त्यात एकाच वेळी चार-पाच कुलांचे भुंगेरे हालचाल करू लागतात. काही पृष्ठभागावरच गरगर फिरत राहतात. त्यांचा प्रत्येक डोळा वर-खाली असा दुभंगलेला असतो. ते गायरिनिडी. काही पोहताना मागचे पाय आळीपाळीने मारतात, हवेसाठी डोक्याकडून वर येतात, आणि त्यांच्या शृंगिका, म्हणजे मिशा, आखूड व टोकाशी जाड असतात. ते हायड्रोफिलिडी. आपले डायटिसिडी दोन्ही मागचे पाय एकदम मारतात, हवेसाठी शेपटाकडून वर येतात, आणि त्यांच्या मिशा सरळ दोऱ्यासारख्या. एवढं पाहायला सूक्ष्मदर्शकसुद्धा लागत नाही. ट्रेसमोर शांत बसून पाहत राहावं लागतं. विद्यार्थी नेमकी हीच पायरी गाळतात. नमुना मेला की पोहण्याची पद्धत त्याच्यासोबत जाते, म्हणून ती आधी पाहून वहीत टिपून ठेवायची.

नोटेरिडी हे कुल मात्र भल्याभल्यांना चकवतं. वरून पाहिलं तर ते हुबेहूब छोटे डायटिसिडी वाटतात. एके काळी शास्त्रज्ञही त्यांना त्याच कुलात धरत असत. त्यांच्या कँथिड्रस प्रजातीचे भुंगेरे आपल्या तळ्यांत भरपूर सापडतात. नमुना उलटा केला की शंका फिटते : मागच्या पायांच्या मध्ये पोटावर त्यांना एक रुंद, सपाट चौथरा असतो. पाठीचं देखणं छायाचित्र पाठवून ‘नाव सांगा’ म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच आधी पोटाकडची बाजू मागते.

आता आपण सूक्ष्मदर्शकाखाली जाऊ. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण खरं काम इथेच आहे.

नमुना ओला असताना या लहान भुंगेऱ्यांच्या पाठीवरच्या खुणा दिसत नाहीत. पाण्याची चकाकी सगळं झाकून टाकते. तो पूर्ण वाळवायचा, अंगावरचं शेवाळ मऊ कुंचल्याने अलगद काढायचं आणि प्रकाश बाजूने, तिरका पाडायचा. तिरक्या प्रकाशात बारीक खाचांच्या सावल्या पडतात. मग पुढच्या आणि मधल्या पायांच्या पावलांची पेरं मोजायची. ती चारच दिसली, तर पाचवं पेर कुठे गेलं हे शोधायचं. चौथं पेर अगदी इवलं होऊन तिसऱ्याच्या दोन पाळ्यांमध्ये लपलेलं असेल, तर आपण हायड्रोपोरिनी या उपकुलात आलो. बहुतेक सगळी चिमुकली मंडळी इथलीच. लॅकोफिलस नावाची प्रजातीही लहान असते आणि खळग्यांत नेहमी भेटते, पण तिच्या पावलांची पाचही पेरं स्पष्ट दिसतात. पंखांचं मागचं टोक अणकुचीदार निघालेलं असेल आणि अंग रुंद असेल, तर हायड्रोव्हॅटस.

तसं नसेल, तर भिंगाची ताकद वाढवून डोकं आणि पाठ नीट पाहायची. अग्रवक्षाच्या, म्हणजे छातीच्या पहिल्या खंडाच्या, मागच्या कडेवर दोन आखूड खाचा दिसल्या, डावी एक आणि उजवी एक, आणि त्यांच्याच रेषेत कठीण पंखांच्या मुळाशीही तशाच दोन दिसल्या, तर हा बिडेसिनी गट. एक-दोन मिलिमीटरच्या प्राण्यांचं मोठं राज्य. या राज्यातल्या प्रजाती ठरवायच्या त्या रेषांच्या असण्या-नसण्यावरून. दोन डोळ्यांच्या मागे डोक्यावर एक आडवी रेषा आहे का? नसेल तर युव्हारस. आहे? मग दोन पंख जिथे मिळतात त्या शिवणीला समांतर दुसरी रेषा आहे का, ते पाहा. डोक्यावरची रेषा आहे आणि शिवणीजवळची नाही, तर बिडेसस. दोन्ही आहेत आणि पंखांवर उभा कंगोराही आहे, तर योला. दोन्ही आहेत, कंगोरा नाही, पंखांच्या खालच्या दुमडीत मुळाशी आडवा कंगोराही नाही, तर हायड्रोग्लायफस. हा क्रम मी सोपा करून सांगितला आहे. प्रत्यक्षात आणखी काही प्रजाती मध्ये येतात. पण तर्क हाच.

प्रजाती कळली म्हणजे जात कळली असं नाही, आणि पुढे रंग फसवतो. हायड्रोग्लायफसच्या पंखांवर पिवळ्या-तपकिरी रंगाची नक्षी असते. एकाच खळग्यातून काढलेले दहा भुंगेरे ओळीने ठेवा. कुणाचे गडद पट्टे जोडलेले, कुणाचे तुटलेले, कुणाचे जवळजवळ पुसलेले. कोषातून नुकताच बाहेर पडलेला भुंगेरा फिका असतो. अल्कोहोलमध्ये बरीच वर्षं राहिलेला नमुना आणखी फिका पडतो. ज्याने एकच नमुना पाहिला त्याला त्याची नक्षी ही जातीची खूण वाटते. दहा पाहिलेला माणूस मात्र सावध होतो. म्हणून शेवटचा निवाडा नराच्या जननांगावर होतो. वाळलेला नर कोमट पाण्यात मऊ करायचा, बारीक वाकवलेल्या टाचणीने पोटाच्या टोकातून जननांग अलगद ओढून काढायचं, ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून बाजूने आणि वरून पाहायचं. मधला भाग टोकाशी किती वाकतो, टोक बोथट आहे की निमुळतं, बाजूच्या पाळ्यांची पेरं किती, या गोष्टी जातीजातीत स्थिर असतात. हाताला कंप असेल तर हे काम होत नाही. एकदा फाटलेला भाग पुन्हा जोडताही येत नाही.

मग मादीचं काय? हा प्रश्न फार जुना आहे. आधुनिक प्राणिनामांची सुरुवात जिथून धरली जाते त्या १७५८ सालच्या ग्रंथात लिनिअसने युरोपातल्या एका मोठ्या पाणभुंगेऱ्याला डायटिस्कस मार्जिनॅलिस असं नाव दिलं, आणि त्याच ग्रंथात डायटिस्कस सेमिस्ट्रायटस अशी दुसरी जातही नोंदवली. दुसरीच्या पंखांवर खोल उभ्या खाचा होत्या. पुढे उलगडलं की सेमिस्ट्रायटस ही मार्जिनॅलिसचीच मादी. नराच्या पुढच्या पायांना शोषक चकत्या असतात, त्यांनी तो मादीची पाठ घट्ट धरतो, आणि मादीच्या पाठीवरच्या खाचा ती पकड सैल करतात, असं आज मानलं जातं. तीन सेंटिमीटरच्या प्राण्यात एवढ्या मोठ्या अभ्यासकाला नर-मादी दोन जाती वाटल्या. दोन मिलिमीटरच्या प्राण्यात, जिथे अनेकदा नर चकचकीत आणि मादी मळकट असते, तिथे किती जपून बोलायला हवं!

आता नावांकडे वळते. हायड्रोग्लायफस फ्लॅम्युलॅटस ही आशियात दूरवर पसरलेली, भारतातही नोंदलेली छोटी जात. तिचं वर्णन डेव्हिड शार्प यांनी १८८२ साली केलं. डब्लिनच्या रॉयल सोसायटीने छापलेल्या आठशेहून अधिक पानांच्या ग्रंथात त्यांनी तेव्हा माहीत असलेले जगभरचे शिकारी पाणभुंगेरे एकत्र आणले. शार्प पेशाने डॉक्टर. त्यांच्यानंतर भारत, चीन आणि मलायाकडच्या डायटिसिडींचा आढावा १८९९ साली घेतला तो मॉरिस रेजिमबार यांनी. तेही डॉक्टर, फ्रान्समधल्या एव्ह्रूचे. त्यानंतरचे मोठे अभ्यासक फेलिक्स गिन्यो, आव्हिन्यॉंचे, पुन्हा डॉक्टरच. रोगी तपासून उरलेल्या वेळात या माणसांनी ज्या खुणा टिपल्या, त्यांच्या आधाराने आपण आज आपल्या खळग्यातला भुंगेरा ओळखतो. मला याचं मनापासून अप्रूप वाटतं. आपल्याकडे निवृत्त शिक्षक, तालुक्याचे वैद्य, वनखात्यातले कर्मचारी यांच्या हातून असं काम का होऊ नये?

जुने भारतीय ग्रंथ उघडणाऱ्या विद्यार्थ्याला एक अडचण हमखास येते. त्याला हायड्रोग्लायफस हे नाव सापडत नाही. या चिमुकल्यांना आधी बिडेसस या प्रजातीत ठेवत. १९३४ साली ऊलबेर यांनी गिन्यो यांच्या सन्मानार्थ गिनोटस ही प्रजाती केली आणि पुढची कित्येक दशकं हेच नाव चाललं. पण रशियन कीटकशास्त्रज्ञ मोचुल्स्की यांनी १८५३ सालीच हायड्रोग्लायफस हे नाव दिलेलं होतं. नियमाप्रमाणे जुनं नाव चालतं, म्हणून गिनोटस मागे पडलं. भुंगेरा तोच, कपाटातल्या चिठ्ठ्या तीन. भारतीय प्राणी सर्वेक्षणातले टी. जी. वझिरानी यांनी १९७७ साली पौर्वात्य प्रदेशातल्या डायटिसिडींची सूची प्रसिद्ध केली. ती आजही हाताशी ठेवावी लागते, पण वाचताना जुनं नाव कोणत्या नव्या नावाखाली गेलं याची यादी शेजारी असलीच पाहिजे. ओलोफ बिस्त्रोम यांनी १९८८ साली बिडेसिनींच्या सगळ्या प्रजातींची फेरतपासणी केली, तिच्यामुळे हा गुंता बराच सुटला.

नावाचा शेवटचा आधार असतो मूळ नमुना. जातीचं वर्णन करताना लेखक एक नमुना ठरवतो आणि तो संग्रहालयात ठेवतो. पुढे कुणालाही शंका आली तर तो त्या नमुन्याकडे जाऊ शकतो. शार्प यांचे नमुने लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहेत, रेजिमबार यांचे पॅरिसच्या. आणि नमुन्याइतकीच मोलाची असते त्याच्याखाली टोचलेली चिठ्ठी : कुठे, कधी, कुणी.

चिठ्ठीचं मोल सांगायला मी या कुलातल्या सगळ्यात मोठ्या भुंगेऱ्याचं उदाहरण घेते. मेगाडायटीस ड्युकॅलिस, लांबी साडेचार सेंटिमीटरांच्या पुढे. याचंही वर्णन १८८२ च्या त्याच ग्रंथातलं. शार्प यांच्यासमोर नमुना होता एकच, अॅमेझॉनवरच्या एका होडीच्या तळात सापडलेला म्हणून सांगितला जाणारा. नेमकी जागा नाही. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही आणि नामशेष झाल्याच्या यादीत गेला. २०१९ साली लार्स हेंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसच्या संग्रहालयातल्या जुन्या पेट्यांतून त्याचे आणखी दहा नमुने शोधून काढले, आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवर ठिकाण होतं : ब्राझीलच्या बाहिया प्रांतातलं. शंभरहून अधिक वर्षं ज्या जातीचा ठावठिकाणा नव्हता, ती कुठे शोधायची हे त्या जुन्या चिठ्ठ्यांनी सांगितलं. भुंगेरा पुन्हा सापडेल किंवा सापडणारही नाही. पण आता अॅमेझॉनचं अख्खं खोरं पालथं घालायची गरज उरली नाही.

असं काम आपल्याकडेही होतं आहे, आणि ते सांगताना मला आनंद होतो. पुण्यातल्या सायली शेठ आणि हेमंत घाटे यांनी प्रागच्या यिर्झी हायेक यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या कोपेलॅटस प्रजातीवर २०१८ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यात तीन नव्या जातींचं वर्णन आहे. कोपेलॅटसच्या कठीण पंखांवर उभ्या खाचा असतात. त्या किती आहेत यावरून आधी गट पाडायचे आणि मग नराच्या जननांगावरून जात ठरवायची. म्हणजे मघाशी सांगितलेलीच पद्धत. सह्याद्रीत फुलपाखरांचा आणि बेडकांचा एवढा अभ्यास झालेला असताना पाणभुंगेऱ्यांत मात्र एका निबंधात तीन नव्या जाती निघतात. भिंग घेऊन बसलेली माणसंच इतकी कमी आहेत.

आजकाल मोबाइलवर छायाचित्र टाकलं की नाव सुचवणारी साधनं आहेत. मी त्यांच्या विरोधात नाही. लोकांची नजर पाण्याकडे वळते, हे चांगलंच. पण हायड्रोग्लायफसचं छायाचित्र कितीही स्वच्छ असलं तरी डोक्यामागची रेषा त्यात क्वचित दिसते आणि जननांग तर कधीच नाही. तिथे ‘डायटिसिडी’पर्यंत थांबणं हे प्रामाणिक उत्तर आहे. डीएनए बारकोडचीही मोठी मदत होते : एका ठरावीक जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि साठवलेल्या तुकड्यांशी ताडून पाहायचा. मात्र साठ्यातला तुकडा ज्या नमुन्याचा आहे तो कुणीतरी भिंगाखाली बरोबर ओळखलेला असला पाहिजे. साठ्यातलंच नाव चुकलं असेल तर तीच चूक पुढच्या प्रत्येक प्रयोगशाळेत जाते.

डीएनएचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगून घेते. डार्विनने आपल्या अगदी शेवटच्या दिवसांत, ६ एप्रिल १८८२ च्या ‘नेचर’मध्ये, एक टिपण प्रसिद्ध केलं. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनचे जोडे बनवणारे कारखानदार वॉल्टर क्रिक यांनी त्यांना एक पाणभुंगेरी पाठवली होती, डायटिस्कस मार्जिनॅलिसची मादी, जिच्या पायाला एक बारीक शिंपला घट्ट चिकटलेला होता. गोड्या पाण्यातले शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात कसे पोहोचतात, याचा तो हातात घेऊन पाहता येईल असा पुरावा. डार्विन १९ एप्रिलला गेले. वॉल्टर क्रिक यांचा नातू फ्रान्सिस, ज्याने १९५३ साली जेम्स वॉटसनसोबत डीएनएची रचना मांडली. मला यात जास्त भावतं ते वॉल्टर क्रिक यांचं वागणं. पाहिलेलं नुसतं लिहून न कळवता त्यांनी नमुनाच पाठवला.

आता शेवटचं, आणि हे मी समोर बसलेल्या प्राध्यापकांसाठी आणि प्राचार्यांसाठी बोलते आहे. या पावसाळ्यात विद्यार्थ्यांना खळग्यांकडे न्या. संरक्षित क्षेत्र असेल तर आधी परवानगी घ्या. नमुने मोजकेच घ्या, पण एका जागचे नर आणि मादी दोन्ही घ्या. डीएनएसाठी थोडे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहा आणि बाटलीच्या आत टाका, बाहेर चिकटवू नका. तिच्यावर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याचा प्रकार आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवं. नवी जात सापडली तर जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे तिचा नमुना शासनाने ठरवलेल्या संस्थेत जमा करावाच लागतो.

आणि जुन्या बाटल्या. आपल्या भागातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राची कपाटं जागेसाठी रिकामी केली जात आहेत. बाटल्या कोरड्या पडल्या, चिठ्ठ्यांची शाई फिकी झाली, म्हणून त्या टाकून देतात. त्यात पुष्कळ बाटल्या अशा असतात ज्यांत नुसत्या माद्याच आहेत, आणि चिठ्ठीवर फक्त ‘हायड्रोग्लायफस, जाती अनिश्चित’ असं लिहिलेलं असतं, किंवा त्याहून जुनं ‘गिनोटस’. कृपा करून त्या टाकू नका. त्याच खळग्यातून उद्या कुणी नर आणला तर त्या मादीचं नाव ठरेल. खळगा बुजवून त्यावर रस्ता झाला असेल, तर तिथे काय होतं हे सांगायला तीच एक मादी उरलेली असेल. जागाच नसेल, तर बाटल्या आणि त्यांची नोंदवही एकत्र बांधा आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्राला किंवा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला पत्र लिहून विचारा. नोंदवही मात्र बाटल्यांपासून वेगळी करू नका.